ट्रॅक, फोल्डर आणि हरवलेल्या फाइली : वाचकांचे प्रश्न

गाणं रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधला पसारा कसा आवरायचा, यावर प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी लिहिलं होतं, आणि खूप प्रश्न आले. कुठला माइक घेऊ, कुठलं प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचं आवाजाचं किंवा इफेक्टचं छोटं सॉफ्टवेअर) चांगलं हे तर लोक नेहमीच विचारतात, पण मला हे पसाऱ्याचे प्रश्न जास्त जवळचे वाटतात, कारण कितीतरी चांगली गाणी अर्धवट पडून राहतात ती फक्त फाइल सापडेना म्हणून, किंवा प्रोजेक्ट उघडला की बघूनच थकायला होतं म्हणून. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (एबलटन लाइव्ह, क्यूबेस, रीपर, एफएल स्टुडिओ वगैरे) प्रत्येकाचं वेगळं आहे, तेव्हा जिथे गरज आहे तिथे नाव घेऊन सांगते.

ताई, माझ्या कॉम्प्युटरवर केलेलं गाणं पेनड्राइव्हवर घेतलं आणि मित्राच्या लॅपटॉपवर उघडलं तर निम्मे ट्रॅक रिकामे, फाइल सापडत नाही असा मेसेज येतोय. फाइल करप्ट झाली का?

नाही, करप्ट काही झालेलं नाही, घाबरू नका. तुम्ही फक्त प्रोजेक्टची फाइल नेलीत आणि आवाज घरीच राहिला. प्रोजेक्ट फाइल म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता असतो, कुठली ऑडिओ फाइल कुठल्या ड्राइव्हवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ती कितव्या बारपासून (तालाच्या आवर्तनापासून) वाजवायची, तिच्यावर कुठलं प्लगइन कुठल्या सेटिंगला लावायचं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. रीपरची आरपीपी, म्हणजे प्रोजेक्टची, फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा एकदा, त्यात प्रत्येक फाइलचा पाथ चक्क वाचता येतो. दुसरी खूण म्हणजे साइज. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर (हे रेकॉर्डिंगच्या दर्जाचे आकडे) एका मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ट्रॅकचं एक मिनिट साधारण ८.६ एमबी होतं, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याचे २४ ट्रॅक झाले की ८३० एमबीच्या आसपास जायला हवं. तुमची फाइल जर काही शे केबीची असेल तर त्यात आवाज नाहीये हे लगेच कळतं.

आता आधी दुरुस्ती. तुमच्या मूळ कॉम्प्युटरवर जा, तिथली एकही फाइल हलवू नका, नाव बदलू नका, तिथे प्रोजेक्ट नीट उघडतोय ना बघा आणि मग सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करायची कमांड द्या. एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह', क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट', प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन' करून त्यात ऑल ऑडिओ फाइल्सवर टिक, स्टुडिओ वनमध्ये 'कॉपी एक्स्टर्नल फाइल्स', लॉजिकमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटखाली 'कन्सॉलिडेट', एफएल स्टुडिओमध्ये एक्सपोर्टखाली 'झिप्ड लूप पॅकेज', आणि रीपरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' केलं की त्याच खिडकीत मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची टिक असते. एबलटनमध्ये तो विचारतो की बाहेरच्या फाइली घेऊ का, दुसऱ्या प्रोजेक्टमधल्या घेऊ का, फॅक्टरी पॅकमधल्या (सॉफ्टवेअर कंपनीने दिलेल्या आवाजांच्या) घेऊ का, तर समोरच्याकडे तेच पॅक असेल याची खात्री नसली तर सगळ्याला हो म्हणा, जागा जास्त जाईल पण निदान गाणं पोचेल.

हे सगळं करूनही एक गोष्ट सोबत जात नाही, ती म्हणजे प्लगइन आणि मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे साठे). पियानोचा जो आवाज तुम्ही काही जीबीच्या लायब्ररीतून वाजवलाय तो मित्राकडे नसला तर तिकडे मिडीच्या नोट (कुठला सूर कधी वाजवायचा याची नोंद, आवाज नव्हे) दिसतील पण वाजणार काहीच नाही. म्हणून असे ट्रॅक ऑडिओ करून सोबत द्यायचे, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

आणि एक तपासणी, जी फार कमी लोक करतात. गोळा केलेलं फोल्डर तुम्ही त्याच कॉम्प्युटरवर उघडून बघता आणि सगळं वाजतं म्हणून निर्धास्त होता, पण मूळ फाइली जागेवरच असल्यामुळे सॉफ्टवेअर गुपचूप तिकडूनच वाजवत असू शकतं. म्हणून मूळ फोल्डरचं नाव थोडा वेळ बदला, सॅम्पलचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर तो काढून ठेवा, आणि मग कॉपी उघडा. तेव्हाही सगळं वाजलं तरच ती कॉपी खरी. इथून पुढे साधी सवय लावा, डाउनलोड्स किंवा डेस्कटॉपवरून सॅम्पल थेट ओढून टाकायचा नाही, कारण ती दोन ठिकाणं आपण कधी ना कधी साफ करतोच.

माझ्या प्रोजेक्टमध्ये नव्वदच्या वर ट्रॅक झालेत, ऑडिओ २३, ऑडिओ २४ असं सगळं, काहीच सापडत नाही. रंग दिले तरी गोंधळ तसाच आहे. कुठून सुरुवात करू?

नावापासून सुरुवात करा, रंग नंतर. आणि नाव रेकॉर्ड करायच्या आधी द्यायचं, यावर माझा फार जोर आहे, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड होणाऱ्या ऑडिओ फाइलला ट्रॅकचंच नाव लागतं, ट्रॅक 'ऑडिओ २३' असताना गायलात तर हार्ड डिस्कवरची फाइलही ऑडिओ २३ अशीच काहीतरी राहते आणि मग तुम्ही स्क्रीनवर ट्रॅकचं नाव मुख्य गायन केलंत तरी खाली फोल्डरमध्ये ते तसंच. उद्या लिंक तुटली की शेकडो अनोळखी फाइली ऐकत बसायचं. पाच सेकंदांचं काम आहे, पण वाद्य हातात असताना कोणाला थांबावंसं वाटत नाही हेही मला कळतं, म्हणून त्यावर उपाय म्हणजे टेम्प्लेट. मुख्य गायन, डबल (तेच गायन दुसऱ्यांदा), हार्मनी डावी, हार्मनी उजवी, गिटार, बेस, किक, स्नेअर असे तुम्ही नेहमी वापरता ते ट्रॅक नावासकट, रंगासकट, इनपुटसकट आधीच लावलेला एक रिकामा प्रोजेक्ट करून तो टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. नवीन गाणं नेहमी त्यातूनच सुरू करा.

आता नव्वद झालेत त्यांचं काय. ट्रॅकची एक ठरलेली क्रमवारी ठेवा आणि ती प्रत्येक गाण्यात तीच ठेवा, ड्रम्स वर, मग बेस, मग गिटार, कीबोर्ड, मग गायन, सगळ्यात खाली इफेक्ट, किंवा तुम्हाला गायन वर हवं तर वर, काहीही चालेल पण दर गाण्यात बदलू नका. रंगांचंही तेच, तुमचा रंगांचा गोंधळ बहुतेक यामुळे होतोय की प्रत्येक ट्रॅकला वेगळा रंग दिलाय. रंग गटाला द्यायचा, सगळे ड्रम्स एकाच रंगात, सगळं गायन एकाच रंगात, चारपाच रंग खूप झाले.

मग फोल्डर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यात पुष्कळांची गल्लत होते, फोल्डर दोन प्रकारचे असतात. एक नुसता डोळ्यांसाठी, म्हणजे ट्रॅक मिटून ठेवता येतात पण आवाजाच्या वाटेत काही बदलत नाही, आणि दुसरा ज्यातून सगळ्यांचा आवाज एकत्र होऊन पुढे जातो, ज्यावर तुम्ही एकच कम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट) टाकला तर तो सगळ्या गटाला लागतो. लॉजिकमध्ये ट्रॅक स्टॅक करताना तो सरळ विचारतोच, फोल्डर स्टॅक की समिंग स्टॅक. क्यूबेसचा फोल्डर ट्रॅक नुसता आवरून ठेवतो, आवाज एकत्र करायला तिथे वेगळा ग्रुप ट्रॅक करावा लागतो. रीपर आणि एबलटनमध्ये मात्र ट्रॅक फोल्डरात किंवा ग्रुपमध्ये टाकला की त्याचा आवाज आपोआप वरच्या ट्रॅकमधून जातो. म्हणजे रीपरमध्ये फक्त आवरायला म्हणून काहीही कुठेही टाकलंत आणि त्या वरच्या ट्रॅकवर आधीच एखादा इक्यू (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण बदलणारा इफेक्ट) असला तर तुमचा बॅलन्स बदलतो आणि कारण लक्षात येत नाही.

नव्वदमधले निम्मे तर रिव्हर्बमुळे (आवाजाला खोलीसारखा घुमारा देणाऱ्या इफेक्टमुळे) वाढलेले नाहीत ना तेही बघा, म्हणजे प्रत्येक आवाजाची एक कोरडी (इफेक्ट नसलेली) कॉपी आणि एक रिव्हर्बवाली कॉपी असं काही केलं असेल तर ते मोडून टाका. एक लहान खोलीचा रिव्हर्ब, एक लांब रिव्हर्ब, एक डिले (प्रतिध्वनी) असे तीन इफेक्ट ट्रॅक करायचे आणि बाकीच्यांनी सेंडने (ट्रॅकचा थोडा आवाज दुसऱ्या ट्रॅककडे पाठवायच्या सोयीने) तिथे आपापल्या मापाने आवाज पाठवायचा. ट्रॅक कमी होतात, कॉम्प्युटरवरचा भार कमी होतो, आणि सगळी वाद्यं एकाच जागेत वाजल्यासारखी वाटतात.

जे ट्रॅक नको आहेत पण काढायला जीव होत नाही ते सगळ्यात खाली 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, म्यूट करा, लपवा. डिलीट करायची घाई नको. आणि 'न वापरलेल्या फाइली काढून टाका' अशी कमांड बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते ती फार जपून वापरा. काही सॉफ्टवेअरला फक्त समोर उघडलेला प्रोजेक्ट दिसतो, त्याच फोल्डरमध्ये गाण्याची जुनी व्हर्जन असतील आणि त्यातला एखादा टेक (एका वेळी केलेलं रेकॉर्डिंग) नव्या व्हर्जनमध्ये वापरलेला नसेल तर तो नको असलेला म्हणून उडतो आणि जुनं व्हर्जन उघडलं की तिथे भगदाड. बॅकअप असल्याशिवाय तिला हात लावू नका.

ताई, मी अकरावीत आहे, एफएल स्टुडिओ वापरतो. प्लेलिस्टमध्ये पहिल्या ट्रॅकवर बीट आहे पण मिक्सरचा पहिला ट्रॅक खाली केला तर तिचा आवाज कमी होत नाही, उलट दुसरंच काहीतरी कमी होतं. असं का?

कारण एफएलमध्ये प्लेलिस्टचा ट्रॅक आणि मिक्सरचा ट्रॅक यांचा मुळात काही संबंध नसतो, नंबर एक असला तरी. प्लेलिस्ट ही गाणं मांडायची खिडकी, तिचा ट्रॅक म्हणजे नुसती ओळ आहे, तिच्यावर तू बीट ठेव, गायन ठेव, ऑटोमेशन (सेटिंग आपोआप बदलायची नोंद) ठेव, तिला फरक पडत नाही. आवाज कुठे जाणार हे ठरतं चॅनल रॅकमध्ये (सगळ्या आवाजांची यादी असते त्या खिडकीत), तिथे प्रत्येक चॅनलसमोर छोटा नंबर असतो तो मिक्सरच्या ट्रॅकचा. तो नंबर लावलाच नाहीस तर आवाज थेट मास्टरला (सगळं एकत्र होतं त्या शेवटच्या ट्रॅकला) जातो, आणि मग मास्टर सोडून तू कुठलाही फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) हलव, काही होत नाही. दुसरी सॉफ्टवेअर वापरून आलेली मोठी माणसंही इथे अडकतात, तेव्हा तुझं काही चुकतंय असं नाही. चॅनल निवड, मिक्सरमधल्या हव्या त्या ट्रॅकवर राइट क्लिक कर, राउटिंगच्या मेनूत निवडलेले चॅनल इथून पुढे ओळीने जोडायचा पर्याय मिळेल. मिक्सरमध्ये शंभराहून जास्त ट्रॅक मिळतात, त्यामुळे प्रत्येक आवाजाला स्वतंत्र ट्रॅक द्यायला कंजूषपणा करायची गरज नाही. नव्या व्हर्जनमध्ये प्लेलिस्टच्या ट्रॅकला ऑडिओ ट्रॅक किंवा इन्स्ट्रुमेंट ट्रॅक करता येतं, मग तो मिक्सरशी जोडलेलाच राहतो, तुला ते सोपं वाटेल कदाचित. पॅटर्नलाही नावं दे हं, 'पॅटर्न १७' असं असेल तर परीक्षेनंतर परत आलास की एकही आठवणार नाही.

माझ्याकडे एकाच गाण्याच्या फायनल, फायनल २, फायनल नवीन, फायनल खरं अशा अकरा फाइली आहेत. कुठली खरी ते मलाच कळत नाही.

फायनल हा शब्दच फाइलच्या नावात वापरू नका, गाणं रिलीज होईपर्यंत काहीच फायनल नसतं. नुसता नंबर वाढवत जा, गाण्याचं नाव, मग ०१, ०२, ०३, आणि शून्य लावायला विसरू नका नाहीतर काही ठिकाणी १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाने लावली तरी फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नंबर वाढवायचं काम सॉफ्टवेअरच करतं, एफएलमध्ये कंट्रोल एन दाबलं की पुढच्या नंबरने सेव्ह होतं, क्यूबेस, स्टुडिओ वन आणि रीपरमध्येही 'सेव्ह न्यू व्हर्जन' आहे. लॉजिकमध्ये एकाच प्रोजेक्टच्या आत 'अल्टरनेटिव्ह' ठेवता येतात, ऑडिओ तोच राहतो आणि मांडणी वेगळी, मला ही सोय फार आवडते.

नवीन नंबर कधी घ्यायचा? दिवसाच्या सुरुवातीला, आणि काही मोडतोड करायच्या आधी. चाल बदलणार आहात, टेम्पो (लय) बदलणार आहात, कडवं उडवणार आहात, तर आधी नवा नंबर. आणि नंबरासोबत एक ओळ लिहून ठेवा की या व्हर्जनमध्ये काय केलं, प्रोजेक्टच्या नोट्समध्ये लिहा किंवा फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवा. 'ब्रिज लहान केला, बेस परत वाजवायचाय' एवढं पुरे, पण तीन महिन्यांनी ती ओळ सोन्याची असते. मिक्स (सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज) एक्सपोर्ट केला की त्याच्या नावात प्रोजेक्टचाच नंबर ठेवा, म्हणजे कोणी म्हणालं की पाचवा मिक्स छान होता तर पाचवा प्रोजेक्ट उघडायचा, शोधाशोध नाही.

तुमच्या त्या अकरा फाइलींचं असं करा, बदललेल्या तारखेने लावा, एकेक उघडून प्रत्येकीचा पटकन एमपी३ काढा आणि त्या अकरा एमपी३ सॉफ्टवेअर बंद करून ऐका. कुठली खरी ते कानच सांगतील. बाकीच्या 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, पण त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरच्या आत, बाहेर नको. हलवल्यावर एखादी उघडून बघा, ऑडिओ सापडत नाही म्हणाली तर फक्त जागा दाखवून द्यायची.

आठ गाण्यांचा अल्बम करतोय. सगळी गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये एकापाठोपाठ ठेवली तर चालतील ना?

चालतील पण नका ठेवू. टेम्पो वेगळे, प्लगइन वेगळी, एका गाण्याचा रिव्हर्ब बदलायला गेलात की आठही गाण्यांचा बदलतो, आणि ती एक फाइल बिघडली तर आठही गाणी एकदम जातात. प्रत्येक गाण्याला वेगळं फोल्डर, सगळी एकाच टेम्प्लेटमधून निघालेली, एवढ्यानेच अल्बममध्ये सारखेपणा येतो. फक्त मास्टरिंगला (तयार मिक्सवरून फिरवायच्या शेवटच्या हाताला) मात्र नववा प्रोजेक्ट करा, त्यात आठही तयार मिक्स एकाखाली एक लावा आणि आवाजाची पातळी, दोन गाण्यांमधलं अंतर तिथे ऐकून ठरवा. लाइव्ह कार्यक्रम एकाच दमात रेकॉर्ड केला असेल तर ती गोष्ट वेगळी, तो एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवून मार्कर लावणं सोपं.

गाण्याचे प्रत्येक वेळी पंधरा-वीस टेक होतात आणि मी प्रत्येकाला नवीन ट्रॅक करते. बरोबर आहे का?

नको, एकाच ट्रॅकवर घ्या. लूप लावून गात राहिलात की प्रत्येक फेरी वेगळी साठवली जाते, प्रो टूल्समध्ये त्याला प्लेलिस्ट म्हणतात, लॉजिकमध्ये टेक फोल्डर, क्यूबेस आणि रीपरमध्ये लेन, एबलटनमध्ये ११ व्हर्जनपासून टेक लेन आल्यात. मग ओळीओळीने जिथला चांगला तिथला तुकडा निवडायचा. वेगळे ट्रॅक केले की प्रत्येकावर तीच प्लगइन परत लावावी लागतात, आणि एकावर इक्यू बदलला की बाकीचे मागे राहतात. अजून एक, शक्य झालं तर निवड त्याच दिवशी करू नका, पण गाताना जो टेक अंगावर आला तो तेव्हाच खूण करून ठेवा, त्या क्षणाचं मत सहसा खरं असतं. निवड पक्की झाली की ती एकसंध फाइल करून घ्या आणि मूळ टेक लपवून ठेवा.

साधा लॅपटॉप आहे, तीस ट्रॅक झाले की आवाज तुटायला लागतो. ट्रॅक म्यूट केले तरी फरक पडत नाही.

म्यूटने फरक पडत नाही कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये म्यूट केलेल्या ट्रॅकवरचं प्लगइन मागे चालूच राहतं, फक्त ऐकू येत नाही. प्लगइन बंद करायला हवं किंवा ट्रॅकच डिसेबल, किंवा इनअ‍ॅक्टिव्ह, जिथे जे नाव असेल ते. त्याआधी बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज हाताळतो त्याचं माप) बघा. रेकॉर्ड करताना तो लहान हवा, ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल (इथे आवाजाचे सूक्ष्म तुकडे) म्हणजे २.७ मिलिसेकंद, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत नाही. पण मिक्स करताना तो १०२४ करा, २१ मिलिसेकंद उशीर झाला तरी कोण गातंय तेव्हा, आणि कॉम्प्युटरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. एवढ्यानेच तुमचं निम्मं काम होईल असं वाटतं.

नाही झालं तर फ्रीझ. फ्रीझ म्हणजे तो ट्रॅक प्लगइनसकट तात्पुरता ऑडिओ करून ठेवणं, नंतर हवं तेव्हा परत सोडवता येतो. सगळ्यात जड कोण ते आधी शोधा, सहसा दोनतीन सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारी प्लगइन) किंवा मोठ्या लायब्ररीच असतात, तेवढंच फ्रीझ केलं की सुटतं, तीसच्या तीस करायची गरज नसते. एबलटनमध्ये फ्रीझनंतर 'फ्लॅटन' असतं, ते केलं की मिडी आणि प्लगइन कायमचं जातं, म्हणून आधी ट्रॅकची डुप्लिकेट काढून ती बंद करून ठेवा.

मिक्सिंग करणाऱ्यांनी ट्रॅक मागवलेत, त्यांचं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा वेगळं आहे. काय काय पाठवायचं?

आधी त्यांना एकच विचारा, तुम्हाला सुटे ट्रॅक हवेत की स्टेम. स्टेम म्हणजे गटाचा एकत्र आवाज, सगळे ड्रम्स मिळून एक फाइल, सगळी हार्मनी मिळून एक, आणि सुटे ट्रॅक म्हणजे प्रत्येक माइक, प्रत्येक वाद्य वेगळं. मिक्सिंगला सहसा सुटेच हवे असतात पण लोक बोलताना दोन्हीला स्टेमच म्हणतात, म्हणून विचारलेलं बरं, नाहीतर सगळं दोनदा करावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक फाइल एकाच जागेपासून सुरू झाली पाहिजे, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, मग एखादं वाद्य शेवटच्या कडव्यात एकदाच वाजत असलं तरी. आधीची शांतता जाऊ द्या फाइलमध्ये, समोरच्याने सगळ्या फाइली एका रेषेत टाकल्या की गाणं जुळलं पाहिजे. वेव्ह फाइल, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, आणि सॅम्पल रेट (४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ असा तो आकडा) प्रोजेक्टचा जो आहे तोच. सॅम्पल रेटवरून भयंकर घोळ होतात, ४४.१ ला रेकॉर्ड केलेली फाइल कन्व्हर्ट न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली की जवळजवळ ९ टक्के जोरात पळते आणि सूर दीड सेमीटोनच्या आसपास वर चढतो, गायकाला वाटतं आपणच बेसूर. एमपी३ चुकूनही नको. नॉर्मलाइजची टिक काढा, कारण ती प्रत्येक फाइल जोरात करते आणि तुम्ही जमवलेला बॅलन्स गेला. मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा इफेक्ट) बंद करा. शेवटी रिव्हर्बची शेपूट पूर्ण विरेपर्यंत एक्सपोर्ट चालू ठेवा.

इफेक्टचं काय करायचं हा प्रश्न येतोच. इक्यू, कम्प्रेसर, रिव्हर्ब हे तुम्ही मिक्सचा भाग म्हणून लावले असतील तर ते काढून पाठवा, तेच त्यांचं काम आहे. पण गिटारवरचा अँपचा आवाज, एखादा डिले जो तालाचाच भाग झालाय, गायनावरचं मुद्दाम केलेलं डिस्टॉर्शन (फाटका आवाज), हे गाण्याचंच आहे, ते ठेवून पाठवा आणि सोबत कोरडी फाइलही द्या. एका आवाजात एकच माइक होता तर मोनो पाठवा, उगाच स्टिरिओ नको. सोबत टेम्पो लिहा, मध्ये टेम्पो बदलत असेल तर एक मिडी फाइल काढून द्या, त्यात टेम्पोचा नकाशा जातो. आणि तुमचा कच्चा मिक्स नक्की द्या, तो कितीही साधा असला तरी तुमच्या मनात काय आहे ते त्यातूनच कळतं.

बिटविग आणि प्रीसोनस या सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये डीएडब्ल्यू प्रोजेक्ट (डीएडब्ल्यू म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) नावाचा खुला फॉरमॅट आणला, त्यात ट्रॅक, ऑटोमेशन, प्लगइनची सेटिंगसुद्धा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतात, बिटविग, स्टुडिओ वन आणि क्यूबेस १४ त्याला ओळखतात. दोघांकडे यातलं सॉफ्टवेअर असेल तर वापरून बघा, पण वेव्ह फाइली तरीही पाठवा, त्या सगळीकडे उघडतात.

ट्रॅकची आणि फाइलींची नावं मराठीत दिली तर अडचण येते का?

ट्रॅकची नावं खुशाल मराठीत द्या, आताची सॉफ्टवेअर देवनागरी नीट दाखवतात. फाइल आणि फोल्डरच्या नावात मात्र मी रोमन अक्षरंच वापरते, कारण काही जुनी प्लगइन आणि सॅम्पलर देवनागरी पाथमधली फाइल उघडतच नाहीत, आणि झिप एका सिस्टिमवर करून दुसऱ्या सिस्टिमवर उघडली की कधीकधी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. म्हणजे ट्रॅकला मराठी नाव असेल तर एक्सपोर्टच्या वेळी फाइलचं नाव तेवढं बघून घ्या. विन्डोजवर प्रश्नचिन्ह, कोलन, तिरकी रेघ हे नावात चालतच नाही, मॅकवरून पाठवताना हे लक्षात ठेवा.

बारा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट उघडला तर निम्मी प्लगइन नाहीतच. गाणं परत मिक्स करायचंय. काही मार्ग आहे का?

काही प्रमाणात आहे. तेव्हाची बरीच प्लगइन ३२ बिटची होती आणि आताची सॉफ्टवेअर बहुतेक ६४ बिटचीच चालवतात. शिवाय व्हीएसटी २ या प्लगइनच्या जुन्या फॉरमॅटमधून जग व्हीएसटी ३ कडे गेलंय, तो फॉरमॅट काढणाऱ्या स्टाइनबर्गने २०१८ मध्ये नव्या डेव्हलपरना व्हीएसटी २ चं लायसन्स देणं थांबवलं. म्हणून पहिलं काम, न सापडलेल्या प्लगइनच्या नावांची यादी करा आणि प्रत्येकाचं नवं व्हर्जन आहे का बघा, कधीकधी जुनी सेटिंगही ते उचलतं. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर मग प्रश्नच मिटला, तिथे उघडा आणि प्रत्येक ट्रॅक दोनदा एक्सपोर्ट करा, एकदा इफेक्टसकट, एकदा कोरडा. तो कॉम्प्युटर नेटला जोडू नका आणि अपडेट तर मुळीच करू नका. हे दोन्ही नसेल तर रेकॉर्ड केलेला ऑडिओ फोल्डरमध्ये आहेच, गायन आणि वाद्यं मिळतील, मिडीच्या नोटही मिळतील, फक्त सिंथचे आवाज नव्याने निवडावे लागतील. जुना मिक्स शेजारी लावून तो ऐकत ऐकत निवडा.

आणि आता जी गाणी चालू आहेत त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून, गाणं पूर्ण झालं की लगेच, दुसरं सुरू करायच्या आधी, प्रत्येक ट्रॅकची वेव्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढा, मिडी काढा, गाण्याचे शब्द, टेम्पो, वापरलेल्या प्लगइनची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, हे सगळं प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असली तरी चालेल. क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये काम चालू असताना प्रोजेक्ट उघडा ठेवू नका मात्र, सेव्ह होता होता सिंक सुरू झालं तर एकाच फाइलच्या दोन प्रती होतात. काम लोकल ड्राइव्हवर करा, बंद करा, मग कॉपी करा.